विनोदी कौटुंबिक चित्रपटाचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसरा भाग जमलाय की नाही, हे नेमकं कशावरून ठरवायचं?

हसू किती वेळा आलं हे मोजण्याआधी एक गोष्ट तपासा. या वेळी ही माणसं कशासाठी धडपडतायत, हे एका वाक्यात सांगता येतं का? पहिल्या भागाबद्दल असं वाक्य बहुधा चटकन सुचतं. घरी एकटा राहिलेला मुलगा चोरांपासून घर वाचवतो. कडकीत सापडलेले तिघे खंडणीच्या पैशामागे लागतात. दुसऱ्या भागाबद्दल असं वाक्य सांगताना "आणि मग", "शिवाय", "तेवढ्यात" असे जोड द्यावे लागत असतील, तर पटकथेला कणा नाही असं खुशाल समजा. विनोदी चित्रपटात हसू गरजेतून येतं. माणसाला काहीतरी अगदी मनापासून हवं असतं आणि त्याची स्वतःचीच खोड आडवी येते. गरज खोटी असेल तर त्याच नटाचा तोच चेहरा, तेच टायमिंग असूनही प्रसंग पोकळ वाटतो.

दुसरी कसोटी खोडीची. पात्राची खोड तीच हवी, अडचण नवी हवी. दोन्ही तेच राहिले तर ती नक्कल होते. दोन्ही बदलले तर लोक म्हणतात, "हे आपले ते नव्हेतच."

पहिल्या भागातले प्रसंग जसेच्या तसे पुन्हा येतात. ही लबाडी नाही का?

दरवेळी नाही. ओळखीची गोष्ट पुन्हा येण्याची वाट पाहण्यातही मजा असते. ती कुठवर पुरते आणि कुठे संपते, हे बघायला 'होम अलोन' (१९९०) आणि 'होम अलोन २' (१९९२) ही जोडी सर्वांत सोयीची आहे, कारण दोन्हींचा दिग्दर्शक ख्रिस कोलंबस, दोन्हींचा लेखक जॉन ह्यूज, मुलगा तोच आणि चोरही तेच.

दोन्ही भाग समोरासमोर ठेवा. पहिल्यात वादळी वाऱ्याने वीज जाते, गजर होत नाही आणि सगळं घर उशिरा उठतं. दुसऱ्यात कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज करायच्या नादात घड्याळाचा प्लग निघतो, पुन्हा गजर होत नाही, पुन्हा तीच पळापळ. पहिल्यात शेजारचा मुलगा चुकून मोजणीत धरला जातो. दुसऱ्यात विमानतळावर मुलगा वडिलांसारखाच कोट घातलेल्या भलत्याच माणसामागे जातो. पहिल्यात ज्याची भीती वाटते तो शेजारचा म्हातारा शेवटी जीव वाचवतो. दुसऱ्यात ते काम बागेतली कबुतरवाली करते. जुन्या चित्रपटाची टेप लावून समोरच्याला घाबरवायची युक्तीही दोन्हीकडे आहे.

इथपर्यंत तक्रार नाही. उलट उशिरा उठण्याचा प्रसंग दुसऱ्या भागात जास्त रंगतो, कारण काय होणार हे आपल्याला ठाऊक असतं आणि घरच्यांना नसतं.

फरक पडतो तो सापळ्यांपाशी. पहिल्यात चोर मुलाच्या घरात घुसतात. तो आपल्या जागी आहे आणि बचाव करतोय, म्हणून इस्त्री डोक्यावर पडली, रंगाचा डबा तोंडावर आदळला, तरी मन मुलाच्याच बाजूने राहतं. दुसऱ्यात तोच चोरांना काकांच्या दुरुस्ती चाललेल्या रिकाम्या घरात ओढून नेतो आणि वर गच्चीवर उभा राहून खालच्या माणसावर एकामागून एक विटा फेकतो. कारण चांगलं आहे, मुलांच्या हॉस्पिटलसाठी जमलेला पैसा त्याला वाचवायचाय. पण त्याच्या स्वतःच्या घराला धोका राहिलेला नाही. म्हणून वीट नेमकी बसली की आपण हसतो आणि तिसऱ्या-चौथ्या विटेला जरा चुळबुळतो. मार वाढला, निकड घटली. पुष्कळ दुसरे भाग याच ठिकाणी अडखळतात.

लांबी वाढली की मजा कमी होते का?

बरेचदा होते. 'होम अलोन' १०३ मिनिटांचा होता आणि दुसरा भाग १२० मिनिटांचा. वाढलेली सतरा मिनिटं बहुतेक नव्या ठिकाणांवर गेली आहेत: हॉटेल, खेळण्यांचं दुकान, शहरातली भटकंती. विनोदी प्रसंगाला चढण लागते, आणि चढण लांबली की पंच येईपर्यंत दम जातो. तिकीट काढण्याआधी दोन्ही भागांचा रनटाइम बघा. दुसरा भाग पंधरा-वीस मिनिटांनी मोठा असेल तर ती मिनिटं नव्या पात्रांना दिली आहेत की नव्या ठिकाणांना, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पात्रांना दिली असतील तर आशा ठेवा.

मागच्या वेळी शेवट गोड झाला होता. आता पुन्हा सगळे तिथेच कसे?

कौटुंबिक विनोदी चित्रपटाच्या पुढच्या भागातली ही सर्वांत अवघड गाठ आहे. पहिल्याच्या शेवटी भांडण मिटतं, पैसा येतो, बाप-लेकाचं जुळतं. दुसरा भाग सुरू करायचा तर यातलं काहीतरी मोडावं लागतं. कसं मोडतात त्यावरून लेखकाची कसोटी लागते.

'हेरा फेरी' (२०००) आणि 'फिर हेरा फेरी' (२००६) पाहा. पहिल्यात तिघांची कडकी हेच इंजिन आहे: नोकरी नाही, भाडं थकलेलं, त्यात चुकून आलेला एक फोन. दुसऱ्याच्या सुरुवातीला तिघे श्रीमंत आहेत, म्हणजे इंजिन बंद पडलेलं. लेखक-दिग्दर्शक नीरज व्होरा यांनी ते एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करणाऱ्या योजनेने पुन्हा चालू केलं. ही तोड प्रामाणिक आहे, कारण हाव ही खोड पात्रांमध्ये पहिल्यापासूनच होती. आलेला पैसा त्यांच्या स्वभावानेच घालवला. योगायोगाने गेला असता, म्हणजे घराला आग लागली किंवा वाटेत चोरी झाली असं काही दाखवलं असतं, तर पहिल्या भागाचा शेवट फुकट गेल्यासारखा वाटला असता.

त्या पुढच्या भागात गडबड होते ती नंतर, गुंड आणि देणेकरी वाढत जातात तेव्हा. पहिल्यात तिघं एका खोलीत एकमेकांच्या अंगावर ओरडतात, आणि खरी गंमत त्या खोलीत आहे. दुसऱ्यात माणसं इतकी होतात की त्या खोलीत परतायला वेळच उरत नाही.

आवडतं पात्र या भागात उगाच बावळट झाल्यासारखं का वाटतं?

लोकांना त्याची जी लकब आवडली, तिचंच पूर्ण पात्र करून टाकतात म्हणून. पहिल्या भागात माणूस विसराळू असतो, पण त्याच्याकडे माया असते, थोडी अक्कल असते, कधी शहाणपणाचं एखादं वाक्यही असतं. पुढच्या भागात फक्त विसराळूपणा शिल्लक राहतो. तपासायला सोपी खूण अशी: त्या पात्राचं पेटंट वाक्य किंवा लकब येते तेव्हा प्रसंगात ती कुणाच्या तरी अडचणीत भर घालते का? की तिच्यासाठी प्रसंग जरा थांबतो आणि मग पुढे सरकतो? थांबत असेल तर ती टाळीसाठी ठेवलेली जागा आहे. चित्रपटभर अशा दोन-तीन जागा चालतात. दहा झाल्या की पात्र संपतं.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा सरस निघतो, असं कधी होतं का?

होतं, आणि ते योगायोगाने होत नाही.

'पॅडिंग्टन २' (२०१७) हे आमच्या मते सर्वांत स्वच्छ उदाहरण. पहिल्या भागाला (२०१४) अस्वलाची ओळख करून द्यायची होती, घराने त्याला स्वीकारायचं होतं, त्यात बराच वेळ गेला. दुसऱ्याला ती ओळख तयार मिळाली. दिग्दर्शक पॉल किंग यांनी वाचलेला वेळ पेरणीत घातला. सुरुवातीच्या काही मिनिटांत घरातला प्रत्येक जण कशात गुंतलाय हे सहज बोलण्याच्या ओघात कळतं: आई समुद्र पोहून जायची तयारी करतेय, मुलाला वाफेच्या गाड्यांचं वेड आहे पण मित्रांपासून लपवायचंय, वडील नव्याने अंग वाकवायला शिकतायत. शेवटच्या आगगाडीच्या पाठलागात यातलं प्रत्येक बी उगवतं. मुलगा इंजिन चालवतो, वडिलांचे दोन पाय दोन गाड्यांवर ताणले जातात, आई पाण्यात उडी मारते. आपण हसतो आणि त्याच क्षणी डोळे भरतात, कारण प्रत्येकाची स्वतःची गोष्ट तिथे कामी येते. आणि मूळ हवं असलेलं काय? मावशीला वाढदिवसाला द्यायचं एक पुस्तक. इतकं छोटं, इतकं खरं.

'लगे रहो मुन्नाभाई' (२००६) वेगळ्या वाटेने गेला. राजकुमार हिरानी यांनी २००३ च्या चित्रपटाची कथा पुढे नेलीच नाही. मुन्ना आणि सर्किट तेवढे ठेवले. नायिका वेगळी, आणि बोमन इराणी पहिल्यात डॉक्टर होते ते दुसऱ्यात भलत्याच माणसाच्या भूमिकेत आले. म्हणजे जोडगोळी आणि तिची खोड कायम, बाकी पाटी कोरी. ज्यांना मागच्या गोष्टीचं ओझं नको, त्यांनी हा मार्ग अभ्यासावा.

'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज' (१९९३) मध्ये बॅरी सॉननफेल्ड यांनी १९९१ च्या भागातली मोठी उणीव भरून काढली. पहिल्यात ॲडम्स कुटुंबातली ही विचित्र माणसं बहुतेक वेळ आपल्याच घरात आहेत. दुसऱ्यात मुलांना उन्हाळी शिबिरात, हसऱ्या आणि गुळगुळीत माणसांमध्ये पाठवलं. विचित्रपणा दिसायला समोर सरळपणा लागतो.

'टॉय स्टोरी २' (१९९९) आधी थेट व्हिडिओवर आणायचा बेत होता आणि नंतर तो चित्रपटगृहांसाठी घडवला गेला, हेही लक्षात ठेवण्यासारखं. दुसरा भाग म्हणजे दुय्यम काम, हे गृहीत धरलं नाही की काय होतं ते तिथे दिसतं.

कलाकार बदलला किंवा नाहीच, तर?

आई, शेजारी, मामा अशा भूमिकांत बदल पचतो. 'पॅडिंग्टन'च्या पहिल्या दोन भागांत आई सॅली हॉकिन्स होती, २०२४ च्या तिसऱ्यात एमिली मॉर्टिमर आली. सवय व्हायला थोडा वेळ लागतो. पण ज्याच्या चेहऱ्यावर आणि टायमिंगवर सगळा डोलारा उभा आहे त्या नटाची जागा भरता येत नाही. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे होते. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' आला तेव्हा ते आपल्यात नव्हते. महेश कोठारे यांनी त्यांच्यासारखा नट आणून तीच भूमिका पुन्हा केली नाही, पुढच्या पिढीवर गोष्ट नेली आणि तात्या विंचू हा बाहुला समान धागा ठेवला. ही योग्य निवड होती. तरीही प्रेक्षक ती रिकामी जागा शोधतोच, आणि तो दोष त्या चित्रपटाच्या माथी मारणं बरं नाही.

बाल कलाकार मोठा झाला तर गंमत जाते का?

पात्र मोठं झालं आणि वागणं तेच राहिलं तर जाते. 'होम अलोन' आला तेव्हा मकॉली कल्किन दहा वर्षांचा होता, दुसऱ्याला बारा. दोन वर्षांत फार बिघडलं नाही. १९९७ च्या तिसऱ्या भागात मात्र मुलगाही नवा आणि कुटुंबही नवं घ्यावं लागलं. दहा वर्षांच्या मुलाचं नाटकीपण गोड लागतं, पंधराव्या वर्षी तेच आगाऊ दिसतं. म्हणून मूल मध्यवर्ती असेल तर दोन-तीन वर्षांत पुढचा भाग यावा, नाहीतर सरळ मोठ्या वयाची नवी अडचण लिहावी.

वीस वर्षांनी आलेल्या पुढच्या भागाकडे कसं बघायचं?

त्यात दोन प्रेक्षक एकाच वेळी बसलेले असतात: आठवण घेऊन आलेले आणि प्रथमच पाहणारे. 'नवरा माझा नवसाचा' (२००४) आणि त्याचा २०२४ चा दुसरा भाग दोन्ही सचिन पिळगांवकर यांचे. चौकट तीच, नवस आणि त्यासाठीचा प्रवास, पण एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली. वाहन बदलल्याने विनोदाची जागाही बदलते. बसमध्ये सगळे एकमेकांसमोर अडकलेले असतात, कुणी कुठे जाऊ शकत नाही. रेल्वेत डबे आहेत, माणूस नजरेआड जाऊ शकतो. म्हणजे लपाछपीला वाव जास्त, कोंडीतून येणाऱ्या गमतीला कमी. असा बदल दिसला की लेखकाने त्याचा फायदा घेतलाय का ते बघा. नुसती आठवण चाळवणं सोपं असतं.

परदेशात किंवा नव्या शहरात नेलेली गोष्ट का फसते?

देखावा मिळतो, शेजार जातो. कौटुंबिक विनोदात अर्धी कामं किराणा दुकानदार, जिन्यातली बाई, आगाऊ पाहुणा अशी माणसं करतात. घरच्यांना ती ओळखतात, म्हणून टोचू शकतात. नव्या गावात सगळेच अनोळखी.

ट्रेलर पाहून आधी अंदाज येतो का?

बऱ्यापैकी येतो. ट्रेलर दोनदा पाहा. दुसऱ्यांदा आवाज बंद करा. संवाद ऐकू न येताही कोण कशामागे लागलंय हे कळलं तर प्रसंगात जीव आहे. मग मोजा: किती विनोद पहिल्या भागाची आठवण नसलेल्यालाही हसवतील? अर्ध्याहून जास्त विनोद फक्त ओळखीवर उभे असतील तर सावध व्हा.

त्यानंतर श्रेयनामावली शोधा आणि दिग्दर्शकाआधी लेखक बघा. दिग्दर्शक बदलूनही दुसरा भाग टिकतो, पण पहिल्याचा पटकथा-संवाद लेखक नसेल तर पात्रांची बोलण्याची ढब हमखास हलते. 'फिर हेरा फेरी'ला दिग्दर्शक बदलला तरी पात्रं ओळखीची वाटतात, याचं मोठं कारण नीरज व्होरा हेच पहिल्याचे संवादलेखकही होते.

समीक्षा-संकेतस्थळावर ९० टक्के आहेत. म्हणजे उत्तमच ना?

रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांचं मत अनुकूल होतं त्याचं प्रमाण. चित्रपटाला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले असा तिचा अर्थ होत नाही. सगळ्यांनी "ठीक आहे, बघायला हरकत नाही" म्हटलं तरी आकडा नव्वदच्या पुढे जाऊ शकतो. दुसऱ्या भागांना हे फार लागू पडतं, कारण त्यांच्याबद्दल "ठीक आहे" हेच मत सर्वाधिक मिळतं. टक्क्यांऐवजी समीक्षकांनी दिलेल्या गुणांची सरासरी शोधा आणि दोन्ही भागांची सरासरी शेजारी ठेवा.

आणि कमाईवरून?

पहिल्या आठवड्याची कमाई ही पहिल्या भागाच्या पुण्याईची असते. लोक ओळखीवर जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ती किती टिकते, त्यावरून दुसऱ्या भागाबद्दल लोक एकमेकांना काय सांगतायत ते कळतं. एकूण आकडा तर फारच फसवा. 'होम अलोन'ने जगभरात सुमारे ४७.७ कोटी डॉलर मिळवले आणि दुसऱ्याने सुमारे ३५.९ कोटी. घसरण आहे, तरी ते अपयश म्हणता येणार नाही. 'ॲडम्स फॅमिली व्हॅल्यूज'ने पहिल्यापेक्षा बरीच कमी कमाई केली, आणि तरीही दोघांतला जास्त चांगला तोच आहे.

मुलांना दुसरा भाग जास्त आवडला, मोठ्यांना नाही. कोण बरोबर?

दोघंही. लहान मुलांना पुनरावृत्ती हवी असते. आपटणार हे माहीत असलेला माणूस आपटला की त्यांना आनंद दुप्पट होतो. मोठ्यांना नवल हवं असतं. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाचं "हा जास्त भारी" आणि आजीचं "पहिल्याची सर नाही" ही दोन्ही मतं खरी धरून चाला. घरातल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र जरूर विचारा. त्या वयात गोष्ट पटली की नाही हे कळायला लागलेलं असतं आणि मन राखायची सवय अजून लागलेली नसते.

पहिला न पाहता दुसरा पाहिला तर चालेल?

'लगे रहो'सारखा स्वतंत्र असेल तर खुशाल. नाहीतर पहिला बघाच. दुसऱ्या भागातली कोमलता बहुतेक वेळा पहिल्यावर उधार असते.

घरी दोन्ही भाग बघून नीट तुलना करायची आहे. कशी करावी?

एकाच रात्री लागोपाठ बघू नका. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. लागोपाठ पाहिलं की प्रत्येक पुनरावृत्ती खटकते, आणि तो चित्रपट तसा पाहण्यासाठी केलेलाच नसतो. मध्ये पाच-सात दिवस जाऊ द्या. पण वर्षानुवर्षांच्या आठवणीवरही विसंबू नका, पहिला पुन्हा पाहाच. आठवणीत त्यातल्या रटाळ जागा गळून गेलेल्या असतात आणि दुसऱ्याची तुलना त्या गाळीव चित्रपटाशी होते.

दुसरा भाग बघताना पंचवीस-तीस मिनिटांवर थांबवा आणि प्रत्येकाने एका वाक्यात सांगावं की यांना काय हवंय. उत्तरं जुळली तर सुरुवात जमली. पुढे हसू येईल तेव्हा फक्त एक खूण करा: नव्या प्रसंगाला हसलो की जुन्याच्या आठवणीने. संपल्यावर खुणा मोजा. शेवटच्या वीस मिनिटांकडे वेगळं लक्ष ठेवा. तिथे धावपळ वाढून हसू थांबलं असेल, तर बहुतेक वेळा आधी काही पेरलेलंच नव्हतं. मागे जाऊन पहिली वीस मिनिटं पुन्हा लावा, लगेच कळतं.

आणि मोबाइल बाजूला ठेवा. विनोदी प्रसंगात ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो, तो खाली मान घालून दिसत नाही.

सिक्वेल, रिमेक, रिबूट यांत फरक काय?

सिक्वेलमध्ये तीच पात्रं पुढे जातात. रिमेकमध्ये तीच गोष्ट दुसऱ्या माणसांकडून किंवा दुसऱ्या भाषेत सांगतात. 'हेरा फेरी' स्वतःच १९८९ च्या मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग'चा रिमेक होता. रिबूटमध्ये आधीचं घडलंच नाही असं धरून पाटी पुसतात. रिमेकची तुलना मूळ कथेशी करा, सिक्वेलची मूळ पात्रांशी.

तिसरा भाग येतोय. दुसरा आवडला नव्हता, तरी बघायला हवा?

दुसरा कशामुळे पडला ते आठवा. गोष्टीमुळे पडला असेल आणि लेखक बदलला असेल तर संधी द्या. पात्रंच चिरडली गेली असतील, आवडत्या माणसाची फक्त लकब उरली असेल, तर आधी कुणीतरी पाहून येईपर्यंत थांबा. आलेल्याला "हसलास का?" असं विचारू नका. "त्यांना या वेळी काय हवं होतं?" हे विचारा आणि उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघा.